पॉलिसीबाई, आमचो प्रिंटर खंय?

श्रीमती ग्रुप पॉलिसीबाई, मुक्काम सर्व्हर (मुंबईत नेमका कुठे, ते आम्हांस कळवलेले नाही) यांस स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या कुडाळच्या शाखेतला प्रिंटर माझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर आहे. दिवा हिरवा, कागद भरलेला. पण अर्ज छापायला जावे तर यादीत तो नाहीच. आहे ते फक्त 'पीडीएफ'. बुधवारच्या बाजाराची पिशवी सांभाळत समोरचे आजोबा विचारतात, "ह्यो हयसरच आसा मां? मगे कागद कित्याक येणा नाय?" त्यांना काय सांगू? की अर्जाचा प्रोग्रॅम इथे चालतच नाही, तो मुंबईच्या सर्व्हरवर चालतो, सिट्रिक्समधून इथे येते ते त्याचे नुसते चित्र. आणि त्या सेशनात कुडाळचा प्रिंटर दिसू द्यायचा की नाही, हे आपण ठरवता? सिट्रिक्सने मुळात इथले सगळे प्रिंटर आपोआप जोडायची सोय ठेवलेली. मोडता घातला तो आपल्याच दरबारातल्या कुणीतरी.

एरवी आपला कारभार शिस्तीचा. विंडोज 2000 पासून गादीवर आहात. यंत्र सुरू झाले की यंत्राचे नियम, माणूस लॉगिन झाला की माणसाचे. मग साधारण दर 90 मिनिटांनी, फार तर अर्धा तास उशिराने, आपली फेरी ठरलेली. क्रमही लोकशाहीचा: आधी यंत्राचा स्वतःचा नियम, मग साइट, मग डोमेन, शेवटी ओयू, म्हणजे ऑर्गनायझेशनल युनिट; शेवटी लागेल तो टिकेल. म्हणजे कागदोपत्री सगळ्यांत खालच्या पायरीचा शब्द अखेरचा. पंचायत राज तरी याहून काय वेगळे मागते? फक्त वरच्या पायरीवर कुणीतरी 'एन्फोर्स्ड'ची खूण करते, आणि खालच्यांनी माना डोलवायच्या.

त्यात आपला तो लूपबॅक. तो 'रिप्लेस'वर ठेवला की माझे नियम बाजूला, आणि मी ज्या सर्व्हरवर बसलो त्याच्या ओयूतले नियम मला लागू. बाई, मी कुडाळात लाकडी खुर्चीवर बसलोय. सर्व्हरवर कधी बसलो, मलाच ठाऊक नाही.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही. लाइन गेली की सेशन 180 सेकंद धरून ठेवता, हे उपकारच. पण भंगसाळ नदीचे पाणी एवढ्यात उतरत नाही.

मागणे लहान आहे. आयपी पत्ता पाहून लागणारा फिल्टर सिट्रिक्सकडे आहेच. कुडाळपुरती एक पॉलिसी करावी, तीत आमचे प्रिंटर येऊ द्यावेत आणि तिला प्राधान्य 1 द्यावे. तिथे लहान आकडाच मोठा मानतात, म्हणून मुद्दाम लिहिले; नाहीतर कुणी हौसेने 99 द्यायचा.

आपला आज्ञाधारक,
एक डोमेन यूजर

ता. क. बदल केल्यावर "जीपीअपडेट चालवून पाहा" असे कृपया कळवू नये. कमांड प्रॉम्प्ट आपणच बंद केला आहे.