भारमान साहेबांना अनावृत पत्र

मा. भारमान साहेब,
मुक्काम : प्रत्येक फेरीच्या हिशेबात



आपली-आमची भेट नाही, तरी आमच्या फाट्यावर आपलं नाव रोज निघतं. फेरी का बंद झाली, असं स्टँडवर कुणालाही विचारा, उत्तर एकच : "भारमान नाही." आधी आम्हाला वाटायचं, हे कुणी मोठे अधिकारी असावेत आणि बहुधा रजेवर असावेत. पुढे कळलं, की गाडीतल्या शंभर जागांपैकी किती भरल्या तो आकडा म्हणजे आपण.

हिशेब चोख आहे आपला. फक्त आपण गाडीत बसलेल्यांना मोजता. फाट्यावर उभे असलेल्यांना कोण मोजतं? आमची साडेपाचची गाडी सोमवारी सातला आली. मंगळवारी आलीच नाही. बुधवारी वेळेवर आली, तेव्हा आत तिघं जण, कारण बाकीचे मंगळवारीच शहाणे झाले होते. आपण नेमके बुधवारी मोजायला बसलात. (डेपोचं नाव लिहीत नाही, उगाच एखाद्या कंडक्टरची बदली व्हायची.)

शहाणे झालेले इकोने जातात. सात जणांची गाडी, चौदा झाल्याशिवाय बोईसर स्टेशनसमोरून हलत नाही. दोनशे टक्के, साहेब! आपल्याला भरून यावं असा आकडा. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण बसतो, अर्धा सीटवर, अर्धा रस्त्यावर. मागचं दार सुतळीने बांधलेलं, त्यातून मासळीची पाटी बाहेर डोकावते. टप्प्याटप्प्यावर माणसं घ्यायचा परवाना या गाडीला नाही, ठरलेला एक गट नेता येतो. म्हणून खाकी दिसली, की आम्ही सगळे एकाच लग्नाचे वऱ्हाडी होतो. मासळीसकट.

सरकार कंजूष आहे असं मात्र कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला न येणाऱ्या गाडीत शंभर टक्के सवलत आहे. इकोत ती रोख मोजते. सवलतीची भरपाई महामंडळाला मिळते ती फाडलेल्या तिकिटांवर. म्हणजे गाडी जिथे भरते तिथेच पैसा जातो. जिथे गाडी नाही तिथे तिकीट नाही, मग भरपाई कसली? हाच पैसा फेरीला दिला, भरो न भरो, तर आपली नोकरी जाईल याची कल्पना आहे.

पण आपल्याच घरात असं झालंय. 'मानव विकास'च्या त्या निळ्या गाड्या आठवतात? मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत पोचवायला सरकारने त्या घेऊन दिल्या आणि शाळेची घंटा बघून सोडल्या. "तुमचे टक्के किती?" हे पोरींना फक्त निकालाच्या दिवशी विचारलं गेलं.

विलायतेत तर १९८५च्या कायद्याने गावकऱ्यांनाच, नफा घ्यायचा नाही या अटीवर, स्वतःची बस चालवता येते. आमच्या इकोवाल्याला तेवढं पुण्य नको. त्याला रीतसर परवाना, विम्याचा हप्ता आणि दुपारच्या रिकाम्या फेरीचा गॅस द्या. तो चौदाचे सात करील आणि दाराची सुतळीही सोडील.

पैसा कुठून, असं आपण विचारालच. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. वाढवणला ७६ हजार कोटींच्या वर खर्चून बंदर बांधायचं ठरलंय. त्या खर्चाला गुंतवणूक म्हणतात, आमच्या साडेपाचच्या डिझेलला तोटा. शेजारी तारापुरात १९६९पासून अणूतून वीज निघते. अणू वेळेवर फुटतो. गाडी तेवढी वेळेवर सुटत नाही.

तेव्हा एकदा याच. बोईसरपर्यंत लोकल आहे. पुढे आमच्या फाट्यासाठी साडेपाचच्या गाडीची वाट बघा. नाही आली तर घाबरू नका, इकोत ड्रायव्हरच्या उजव्या हाताची जागा आपल्यासाठी धरून ठेवतो. कुणी अडवलं तर मुलीकडचे म्हणून सांगा.

आपला,
न मोजलेला प्रवासी