यंत्र जुनं आहे हो

"यंत्र जुनं आहे हो, नाही तर..." हे वाक्य मी मराठीत आणि इंग्रजीत सारख्याच सफाईने म्हणतो. संध्याकाळी इंग्लंडमधल्या सफकच्या नांगरटीतून आम्ही सगळे मेटल डिटेक्टरवाले चिखलाचे बूट ओढत गाड्यांपाशी जमतो. कुणाच्या तळहातावर पहिल्या एडवर्डची चांदीची पेनी असते, नखाएवढी आणि नखाइतकीच पातळ. कुणाकडे रोमन ब्रूच. मग मी माझी पिशवी उलटी करतो. काडतुसांची पितळी बुडं, कोटाचं बटण, शिशाचा एक ओबडधोबड गोळा आणि बिअरच्या डब्यांच्या कड्या. मंडळी सहानुभूतीने माझ्या पिवळ्या यंत्राकडे बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

त्या "नाही तर"च्या पुढे काय, ते मी कधी सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे कल्पना करावी. मी स्वतः तिथे सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं मडकं ठेवतो.

यंत्र जुनं आहे हे मात्र खरं. मुठीवरचा फोम केव्हाच झडला, तिथे सायकलच्या हँडलची टेप गुंडाळली आहे. बॅटरीच्या झाकणाची खाच मोडली म्हणून त्याला कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावलंय. पोटात चार पेन्सिल सेल. फ्रिक्वेन्सी एकच, साडेसहा किलोहर्ट्झ. आवाज तीन: लोखंडाला ढब्ब, मधल्या धातूंना टुक, आणि तांब्या-चांदीला देवळातल्या छोट्या घंटेसारखा टण. हा टण ऐकला की या वयातही माझे गुडघे आपोआप जमिनीला टेकतात. एरवी त्यांना टेकवायला फिजिओथेरपिस्ट लागतो.

एवढं सगळं सुखाने चाललं असताना लंडनच्या मुलीने फोन केला. "बाबा, या वाढदिवसाला मी तुम्हाला नवीन डिटेक्टर घेऊन देणार. रंग सांगा." एका वाक्यात तिने माझ्या आयुष्याचे दोन खांब काढून घेतले. "यंत्र जुनं आहे" हा पहिला, आणि "नवं फार महाग पडतं" हा दुसरा.

नवं यंत्र मी बघून आलो आहे. आमच्या डिटेक्टर क्लबातल्या एकाने कौतुकाने माझ्या हातात दिलं. वजन असं नाहीच. दांडा कार्बन फायबरचा, हेडफोनला वायर नाही, पाण्यात बुडवलं तरी तक्रार नाही, आणि फोनसारखं तेही अधूनमधून स्वतःला अपडेट करून घेतं. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, खाली धातू असला की त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांची चाहूल कॉइलला परत लागते, हे तत्त्व दोघांचं एकच. पण माझं यंत्र एका सुरात विचारतं, ते एकाच वेळी अनेक सुरांत विचारतं. खालच्या फ्रिक्वेन्सीला खोलवरची जाड चांदी कळते, वरच्या फ्रिक्वेन्सीला बारीक, पातळ सोनं. शिवाय माझ्या यंत्राला एक गंजका खिळा लागला की ते त्याच धक्क्यात थोडा वेळ बसतं आणि शेजारचं नाणं त्याला ऐकूच येत नाही. नवं यंत्र खिळ्याला बाजूला सारून लगेच पुढच्याची विचारपूस करतं. आणि प्रत्येक सिग्नलला पडद्यावर एक आकडा दाखवतं, म्हणजे खणायच्या आधीच कळावं की खाली काय आहे.

इथे मात्र मला जरा हायसं वाटलं. कारण सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी यांचे आकडे आसपासच येतात. दोघींची वीज वाहून नेण्याची तऱ्हा सारखी पडते, त्याला यंत्र काय करणार? पैसे किती का मोजेनात, अंगठी हवी असेल तर कड्या खणाव्याच लागतात. कड्या खणण्याचा माझा अनुभव तर दांडगा आहे.

मी बायकोला दाखला दिला. "स्टॅफर्डशायरचा खजिना माहितीये ना? 2009 साल. अँग्लो-सॅक्सन सोनं, साडेतीन हजारांवर वस्तू. किंमत ठरली 32 लाख 85 हजार पौंड. आणि ज्याला सापडला, त्या टेरी हर्बर्टचं यंत्र चौदा वर्षांचं जुनं होतं! यंत्राने काही होत नाही."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पण मग तुम्हाला का नाही सापडत?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून मी होक्स्नेचा दाखला काढला. आमच्या सफकमधलंच गाव. 1992च्या नोव्हेंबरात एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला रानात गेले आणि त्यांना रोमन काळातली सुमारे पंधरा हजार सोन्याचांदीची नाणी सापडली. पुढे तो हातोडाही सापडला आणि ब्रिटिश म्युझियमने तोही ठेवून घेतला. "बघ, त्यांना तर काही शोधायचंही नव्हतं!" मी विजयाने म्हणालो. बायको म्हणाली, "मग आपलीही भाजीची किसणी हरवली आहे, ती शोधायला जा."

मला या धंद्याचे मूळपुरुष अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याबद्दल अलीकडे फार जवळीक वाटते. 1881च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले बेल आपलं नवं यंत्र घेऊन गेले. यंत्राने काही धड सांगितलं नाही. नंतर निष्पन्न झालं की अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. झालं, दोष गादीचा. खरं तर मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून शोध उजवीकडेच झाला. सप्टेंबरात अध्यक्ष गेले आणि शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. यंत्र गरीब बिचारं, गादी त्याहून गरीब, आणि ठाम होते ते डॉक्टर. धातूशोधक यंत्राचा जन्म झाला त्याच महिन्यात त्याच्या सबबीचाही जन्म झाला, हे मला फार बोधप्रद वाटतं.

पण माझ्या बाबतीतला ठामपणा कुठून आला ते सांगायचं तर कराडला जावं लागेल. मी पायाळू आहे.

ज्यांच्या घरी कुणी पायाळू नव्हतं त्यांना यातला मान कळायचा नाही. सगळं जग डोक्याने येतं, मी पायांनी आलो. त्यामुळे वाड्यात मला जन्मतःच दोन खाती मिळाली होती. पहिलं आरोग्य. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला पालथं झोपवायचं आणि पायाळूने त्याच्या कमरेला लाथ मारायची. पोस्टातले काका, वरच्या मजल्यावरचे मास्तर, दळणाचा डबा उचलताना चमक भरलेली भाडेकरीण, सगळे माझ्यासमोर अंगणात पालथे पडलेले मी पाहिले आहेत. ज्या मास्तरांनी सकाळी शाळेत मला अंगठे धरून उभं केलं, त्यांना संध्याकाळी आजीच्या देखरेखीखाली, सगळ्यांच्या संमतीने लाथ घालायची! मी त्या कामात कधी कसूर केली नाही. "जरा जोरात घाल रे," असं मास्तर स्वतः म्हणाल्यावर मनात जे काही फुललं, त्याला तोड नाही. गुण यायचा का? मास्तर दुसऱ्या दिवशी शाळेत यायचे, एवढं खरं. वर आजीच्या हातात ते शेंगदाण्याचा लाडू ठेवून जायचे. लाथ मारून लाडू मिळवण्याचा तो माझा पहिला आणि शेवटचा व्यवसाय.

दुसरं खातं गुप्तधनाचं. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, असं सगळे सांगत. सात रांजण, त्यावर वेटोळं घालून बसलेला भुजंग, अमावास्येला साखळदंडांचा खळखळाट, सगळं चित्र मला पाठ होतं. फक्त अंजनाची सोय व्हायची होती. म्हणजे बॅटरी नाही, कॉइल नाही, फ्रिक्वेन्सीचा प्रश्न नाही, यंत्र मीच. (पायाळूवर वीज पडते असंही म्हणत, म्हणून वळवाच्या पावसात आई मला माजघराच्या बाहेर येऊ देत नसे. आज मी इंग्लंडच्या उघड्या माळावर, भरल्या आभाळाखाली, हातात दांडा धरून उभा असतो ते तिला कळवलेलं नाही.) असा माणूस बिअरच्या कड्या का खणतो, याचं कारण यंत्र जुनं आहे याखेरीज दुसरं काय असणार?

ही सगळी मौज एकदम थांबली होती. 1972 पासून परभणीकडच्या मानवतच्या खुनांच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. बायका आणि लहान लहान मुली मारल्या जात होत्या आणि त्यामागे गुप्तधनाची हाव आहे असं मोठी माणसं हळू आवाजात बोलत. मला काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की आजीने अंगणातला दवाखाना बंद केला. परगावचं कुणी आलं आणि "हाच का तुमचा पायाळू?" असं विचारलं, तर ती तोंडावर ठोकून द्यायची, "छे हो, तो मोठा. तो पुण्याला असतो." मला मोठा भाऊ नाही. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हायला 2013 साल उजाडावं लागलं, आणि तेही अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. आजीने तो भाऊ चाळीस वर्षं आधीच जन्माला घातला होता. गुप्तधनाच्या गोष्टी मी आजही रंगवून सांगतो, पण आमच्या क्लबातल्या कुणी "तुमच्याकडे इंडियात खजिने किती असतील!" असं म्हटलं की एक क्षण माझा घसा बसतो.

इथला शोध त्या मानाने फार सभ्य. शेतकऱ्याची परवानगी घ्यायची, सापडेल त्यात निम्मं त्याचं. तीनशे वर्षांहून जुनं सोनंनाणं असेल तर 1996च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. कॉरोनर म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. माणूस संशयास्पद रीतीने जमिनीत गेला काय आणि सोनं संशयास्पद रीतीने बाहेर आलं काय, टेबल एकच. आपल्याकडेही 1878चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला वर्दी द्यायची.

मला कुणालाच वर्दी द्यावी लागलेली नाही. माझा सगळ्यात मोठा शोध तांब्याचा आहे. ओढ्याकडेच्या एका तुकड्यात टण वाजलं, वीतभर खाली हिरवी पडलेली चकती निघाली. धुवायची नसते, म्हणून अंगठ्याने माती हळूहळू सारली. आधी एका सिंहाची आयाळ दिसली, मग दुसऱ्याची. दोघांच्या मध्ये ढाल, खाली 1835. उलट्या बाजूला पानांचा हार, हारात पाव आणा, आणि भोवती गोल अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनी. कुणा सोल्जराच्या खिशातून आला असेल आणि शेणखताबरोबर रानात पडला असेल. बाजारात त्याचे दोन-तीन पौंडही येणार नाहीत. पण 1848 मध्ये याच कंपनी सरकारने आमचं सातारचं राज्य खालसा केलं होतं. मी चिखलात गुडघे टेकून बसलो होतो, आणि सातारकरांच्या वतीने कंपनीकडून पहिली वसुली झाली होती. शेतकऱ्याला त्याचा निम्मा वाटा देऊ केला, तर तो म्हणाला, राहू दे. अर्धा पैसा सोडणारा इंग्रज मी प्रथमच पाहिला.

ते नाणं याच पिवळ्या यंत्राने दिलं. नव्याने दिलं नसतं असं नाही. नव्याने आकडा दाखवला असता आणि आकडा बघून मी कदाचित खणलंच नसतं, असं म्हणून बघितलं. बायकोपुढे ते टिकलं नाही. "तुम्ही? तुम्ही न खणता पुढे जाल?" ती म्हणाली. "तुम्हाला पडद्यावर 'इथे कडी आहे' असं मराठीत लिहून आलं तरी तुम्ही खणाल."

म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हताच. नव्या यंत्रानेही कड्याच निघाल्या तर गाड्यांपाशी उभं राहून म्हणायचं काय, एवढाच होता. चार रात्री मला त्याने झोप नव्हती. शेवटी क्लबातल्या सगळ्यात जुन्या सभासदाने, स्वतःहून, चहा ओतता ओतता ज्ञान दिलं. म्हणाला, अलीकडे रानं बिघडलीत. शेतकरी म्युनिसिपालटीचं कचऱ्यापासून केलेलं खत आणून टाकतात, त्यात चांदीच्या कागदाचे तुकडे, तारा, झाकणं, काय वाटेल ते असतं. कितीही भारी यंत्र आणा, तिथे त्याचं डोकं फिरतं. मी त्याला अजून एक बिस्किट दिलं.

घरी येऊन मुलीला मेसेज केला. काळा रंग चालेल. आणि आईला आत्तापासून सांगून ठेव, आमच्याकडच्या रानांत हल्ली खत फार वाईट टाकतात.