बाविसाव्या चालीपर्यंत

खुल्या बुद्धिबळ स्पर्धेची पहिली फेरी संपली की जे गृहस्थ मोबाइलवरचा पट पुढे धरून जिन्यात वाट अडवतात, ते तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यांचं रेटिंग १६००, समोरचा २०००चा, आणि डाव गेलेला. पण निकाल विचारला तर उत्तर स्थितीचं मिळतं: ‘बाविसाव्या चालीपर्यंत मी वर होतो.’ आपण त्यांना बावीसराव म्हणू. समोर कोणीही असो, डाव तीस चालींचा होवो की सत्तर, त्यांचं वैभव नेमकं बाविसाव्या चालीपर्यंत टिकतं. एखादा ग्रँडमास्टर एकाच वेळी तीस जणांशी खेळायला आला, तर ‘साहेब माझ्या पटापाशी दोनदा थांबले’ एवढ्या भांडवलावर बावीसरावांचं वर्ष निघतं. कधी थांबले, हे सांगायला नकोच. क्रिकेटमध्ये भारत हरला तरी बाविसाव्या षटकापर्यंत सामना आपल्याच हातात होता, असं त्यांचं मत पडतं.

ते खोटं बोलतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. मोबाइलमधला स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅमही अनेकदा त्यांच्याच बाजूने साक्ष देतो: अधिक ०.७, कधी अधिक १.२ सुद्धा. याचं कारण असं, की ओपनिंगच्या पहिल्या बारा-पंधरा चाली आज कोणालाही पाठ करता येतात. सिसिलियनची नाजदॉर्फ शाखा बावीसरावांना नातेवाइकांच्या नावांपेक्षा चांगली येते. त्या पुंजीवर आणखी पाच-सात चाली सहज निघतात, आणि तोवर बलवान खेळाडूला आपलं बळ दाखवायची निकडही नसते. ते बळ दिसतं पाठांतर संपल्यावर: वजीर पटावरून गेले, दोन्हीकडे एकेक हत्ती आणि चार-पाच प्यादी उरली, बघणारे बरोबरी समजून चहाला गेले, त्यानंतर. मॅग्नस कार्लसनने अशाच नीरस दिसणाऱ्या स्थितींतून, भल्याभल्यांना तासन्‌तास खुर्चीत बसवून, किती डाव काढले आहेत. तेव्हा बावीसराव वर होते हे खरंच. पण ज्या भागात दोघांमधला फरक मोजला जातो तो भाग अजून सुरू व्हायचा होता. त्यात बावीसरावांची आणखी एक खोड अशी, की स्थिती वरचढ झाल्याबरोबर ते घाबरून स्वतःच बरोबरी मागतात. समोरचा हसून मान हलवतो. ती असते तेविसावी चाल.

मग हे गृहस्थ बलवानांच्याच मागे का लागतात? याचं उत्तर गणितात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, १९७० साली स्वीकारली. तिच्या तक्त्यानुसार ४०० गुणांनी कमी असलेल्या खेळाडूकडून शंभर डावांत आठच गुणांची अपेक्षा असते. बावीसरावांच्या रेटिंगच्या चढउताराचा गुणक २० धरला, तर अशा बलवानाकडून हरण्याची किंमत पडते रेटिंगचे १.६ गुण. बरोबरी झाली तर ८.४ मिळतात, जिंकले तर १८.४. याउलट बरोबरीच्या माणसाकडून हरलं की रोख १० गुण जातात, वर सांगायला गोष्टही उरत नाही. म्हणून १६००च्या आतल्यांसाठी वेगळ्या स्पर्धा निघाल्या, तिथे बक्षिसाची शक्यता आहे, असं कोणी सुचवलं की बावीसराव दुखावतात. तिथे प्रतिस्पर्ध्याची थोरवी मदतीला येत नाही. बलवानाशी खेळण्यात धाडस आहे असं आपण मानतो. बावीसरावांच्या बाबतीत तो स्वस्तातला विमा आहे.

यावर आक्षेप येईल, की बलवानांशी खेळूनच माणूस शिकतो. शिकतो, पण पुढच्या चाली उलगडून पाहिल्या तर. बावीसरावांचं विश्लेषण जिथे थांबतं तिथूनच शिकवणी सुरू होते, आणि फी भरून वर्गाबाहेर उभं राहण्यात त्यांनी हयात घालवली आहे. दुसरा आक्षेप, की दुबळे जिंकतातही. जिंकतात ना! नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं. वाटेत दुसरी मानांकित झू जिनर गेली आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी. पण त्या अंतिम फेरीत दोन पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही सुटला, आणि निकाल लागला तो दुसऱ्या जलद डावाच्या एंडगेममध्ये, घड्याळात सेकंद उरले असताना. बाविसाव्या चालीपाशी त्या डावात बातमी करण्यासारखं काही नव्हतं.

तरीही बावीसरावांवर फार हसवत नाही. हल्ली त्यांच्यासमोरचा बलवान बहुधा नऊ वर्षांचा असतो, पटापलीकडचं प्यादं गाठायला खुर्चीवर गुडघे टेकून बसणारा. डाव सोडून बावीसराव हात मिळवतात आणि पोराला आपली बाविसावी चाल दाखवायला लागतात. पोरगं दोन सेकंदांत त्यातला घोडा फुकट कसा जातो ते दाखवतं. ‘अरे वा’ म्हणून ते पुन्हा मोहरी मांडतात. त्या स्वरात खोट नसते. या पोरांना वर चढायला कोणाला तरी चार तास नेटाने खेळून हरावं लागतं, आणि खुल्या स्पर्धांची बक्षिसंही बऱ्याच अंशी अशाच माणसांच्या प्रवेश शुल्कातून उभी राहतात. रेटिंग १४००च्या खाली गेलं की फिडेच्या यादीतून ते नाहीसं होतं. १६००वरून तिथे पोहोचायला, १.६च्या दराने, बावीसरावांना सव्वाशे पराभव लागतील. तोवर आयोजकांनी त्यांची खुर्ची काढू नये.