शेडिंग करू नये

आमच्या त्र्यंबकात कुणाचं काहीही अडलं की कारण आकाशात सापडतं. लग्न लांबलं, धंदा बसला, मुलगा ऐकेना; काका पत्रिका उघडतात आणि राहू-केतूंना हजर करतात. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि शिवाय चित्रं, फोटो, पत्त्यांची जादू असले उद्योग करते, म्हटल्यावर माझीही पत्रिका उघडली गेली. निकाल : बुद्धी चंचल.

मी म्हटलं, "काका, राहू-केतू ग्रह नाहीतच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते दोन बिंदू. साधारण 18.6 वर्षांत एक फेरी मारतात."

काका सुपारी कातरत म्हणाले, "नुसते बिंदू असून एवढी घरं चालवतात. तू काय चालवतेस?"

कॉलेजात उलटी तऱ्हा. जर्नलमधल्या आकृतीत शेडिंग करायचं नाही. रेघ एकच, सलग. गडदपणा दाखवायचाच तर ठिपके. आता अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, डोंगराचंच नाव लावणारी. कंदीलपुष्पं माशीला नळीत घेतात, आतले केस तिला परत फिरू देत नाहीत, ते सुकले की बाई पराग घेऊन सुटतात. एवढं नाट्य नुसत्या रेघेत कसं मावावं? मी नळीला जरा सावली दिली. लाल शाईत शेरा आला : 'हे ड्रॉइंगचं कॉलेज नव्हे.' तेच चित्र स्पर्धेला पाठवलं, तर परीक्षक म्हणाले, छान आहे, पण भागांना नावं कशाला दिलीत?

अशा वेळी मी गावच्या माणसाचा आधार घेते. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वर, 30 एप्रिल 1870. वडील संस्कृतचे पंडित. चिरंजीव 1885मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पुढे बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, शिळाछपाई, पुरातत्त्व खात्यातली नोकरी. जादूचे प्रयोगही करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावानं; आडनाव उलटं वाचा. आमच्या काकांनी ही पत्रिका पाहिली असती तर शांतीच सांगितली असती. 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी या माणसानं काय चित्रित केलं, तर वाटाणा! कुंडीत पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडं थोडं टिपत 'अंकुराची वाढ' केली. ती पाहून भांडवल मिळालं. भारतीय सिनेमाच्या मुळाशी वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे, हे आमच्या कॉलेजला कुणीतरी कळवावं.

ते रोज एकच चौकट घेत, असं सांगतात. मला ते पटत नाही. सेकंदाला 16 चौकटी धरल्या, तर महिन्याच्या कष्टाचा खेळ दोन सेकंदांत आटोपेल. तेवढ्यावर पैसे सोडणारा सावकार निदान आमच्या गल्लीत तरी नाही.

मी मोबाइलवर तेच करायला घेतलं. ओसरीत स्टँड, कुंडी, वर बल्ब, ठरावीक वेळानं आपोआप फोटो. उजेड सारखा हवा, नाहीतर चित्रफीत लुकलुकते. आणि पावसाळ्यात आमच्याकडची वीज स्वतःच लुकलुकते. आई रोज विचारायची, उसळीला पुरतील का?

नारायण नागबळीचा विधी करायला आलेले यजमान आमच्याकडे उतरले होते, त्या दिवसाचे फोटो नंतर जोडले. कोंब हळूहळू मान वर करतो, एक पान उलगडतं, आणि एकदम त्याच्या पुढ्यात अक्षता, झेंडूचं फूल आणि दहाची नोट प्रकटते. पुढच्या चौकटीत नोटा दोन. बल्बखाली एवढ्या बंदोबस्तात ठेवलेलं काहीतरी जागृतच असणार, असं त्या भल्या माणसांना वाटलं. मी तो भाग कापायला घेतला, तर काकांनी हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले, "आणि उद्या कुंडीखाली पाट ठेव."