चक्रभुजासूचीमीमांसा : द्वारकाखंड

ध्वनिमुद्रिकेतून काय ऐकू येते या गौण प्रश्नावर मराठीत आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. ध्वनिमुद्रिका कशावर फिरावी, तिच्यावर कोणती दांडी झुकावी आणि त्या दांडीच्या टोकाला कोणती सुई असावी, हे प्रधान प्रश्न मात्र उपेक्षितच राहिले. ती उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत शास्त्राची मांडणी करीत आहोत. अभ्यासक्षेत्र म्हणून द्वारका निवडली आहे. ही द्वारका श्रीकृष्णाची नव्हे, दिल्ली विकास प्राधिकरणाची. सेक्टरांत विभागलेली, सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांनी भरलेली, एका अंगाला विमानतळ आणि मधून ब्लू लाइन मेट्रो असलेली. कंप, धूळ आणि विद्युत् या तिन्ही उपाधी एकाच उपनगरात मुबलक उपलब्ध असल्याने याहून योग्य प्रयोगभूमी संभवत नाही.

प्रथम व्याख्या. चक्र म्हणजे टर्नटेबल, भुजा म्हणजे टोनआर्म आणि सूची म्हणजे हिऱ्याच्या टोकासह कार्ट्रिज. ‘मिनिटाला 33⅓ फेरे घेते ते चक्र’ ही व्याख्या अव्याप्तिदोषाने ग्रासलेली आहे, कारण 45 आणि 78 फेऱ्यांची चक्रे तिच्याबाहेर राहतात. ‘जे फिरते ते चक्र’ असे म्हणावे तर अतिव्याप्ती होऊन छताचा पंखा शास्त्रात शिरतो. म्हणून निर्दोष व्याख्या अशी : ज्याचे फिरणे ऐकू येता कामा नये, ते चक्र. या तिघांची परस्परांशी तुलना करणारा तो तुलक. तुलक आणि श्रोता यांत गल्लत करू नये. श्रोता रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकतो. तुलक पहिल्या दीड मिनिटात सुई उचलतो, कार्ट्रिज बदलतो आणि तेच दीड मिनिट पुन्हा लावतो. बंदिशीचा अंतरा हा तुलकाच्या अनुभवकक्षेबाहेरचा विषय आहे.

चक्राचे प्रकार चालनभेदाने तीन.

(1) घर्षणचालक. मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबराचे चाक असते. 1954 साली इंग्लंडातील स्विंडनहून निघालेले गॅरार्ड 301 हे या शाखेचे आद्यपीठ. बीबीसीनेही ते वापरले. या पंथाचे अनुयायी संख्येने थोडे, पण आवाजाने मोठे.

(2) पट्टाचालक. मोटर दूर, थाळी दूर, मध्ये रबरी पट्टा, विरक्तीचे तत्त्व. ग्लासगोची लिन सोंडेक एलपी12 ही 1970च्या दशकाच्या आरंभी अवतरली आणि चक्र हेच आद्य, बाकी सर्व आनुषंगिक, असा सिद्धान्त तिच्या निर्मात्यांनी जगभर प्रस्थापित केला. तोवर लोक सगळा पैसा स्पीकरवर घालत असत. या चक्राचे अंतरंग स्प्रिंगांवर तरंगते. त्याचे प्रयोजन विलायतेत स्पष्ट आहे. तेथील लाकडी जमिनीवर माणूस चालला की सुई उडते. द्वारकेत मात्र चार इंची काँक्रीटच्या स्लॅबवर मोझेक लावलेले असते. अशा जमिनीवर सासूबाई पूजेच्या घाईत टाचा आपटत गेल्या तरी स्प्रिंगांना काम मिळत नाही. काहींच्या मते या निरुद्योगामुळे स्प्रिंगा खचतात. आमच्या मते खचतो तो मालक.

(3) प्रत्यक्षचालक. थाळी हीच मोटरच्या अक्षावर बसलेली असते. जपानच्या टेक्निक्सने 1970 साली एसपी-10 आणि 1972 साली एसएल-1200 काढली. दुसरी पुढे डिस्को-चालकांच्या हाती गेल्याने शुद्धाचारी पट्टापंथीय तिच्या हातचे पाणी पीत नसत. 2010 साली तिचे उत्पादन थांबले, 2016 साली पुन्हा सुरू झाले, आणि पुनर्जन्मानंतर किंमत इतकी वाढली की तिची शुद्धी आपोआप झाली.

द्वारकेत या वादाला एक विद्युत्-परिमाण आहे, ते ग्लासगोत सुचणे शक्य नव्हते. साध्या पट्टाचालकाची सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते. ती 50 हर्ट्झ असेल तर फेरे 33⅓. जूनमध्ये वीज जाते, सोसायटीचा जनरेटर धडधडू लागतो, आणि त्याची वारंवारता 51 हर्ट्झ असली तर फेरे बरोबर 34 होतात. गायकाचा षड्ज सुमारे 34 सेंट चढतो. सप्तकाचे बावीस सारखे भाग केले तर अर्ध्या श्रुतीहून थोडा अधिकच. म्हणजे गायक काळी एकमध्ये बसून विजेसरशी वर सरकतो आणि तबला मुकाट्याने त्याच्याबरोबर जातो. येथे अर्धशिक्षित तुलक स्ट्रोबोस्कोपचा दाखला देतो : 180 रेघांची चकती थाळीवर ठेवली, दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या, सबब गती शुद्ध. परंतु तो दिवाही त्याच जनरेटरवर लुकलुकत असतो. आरोपी आणि साक्षीदार एकाच घरातले असल्यावर निकाल काय लागणार? क्वार्ट्झ-नियंत्रित प्रत्यक्षचालक या विकारापासून मुक्त आहे. पट्टापंथीयांचे यावर उत्तर असे, की जनरेटर चालू असताना रेकॉर्ड ऐकणे हाच मुळात अधर्म होय.

आता भुजा, आणि येथे शास्त्र खऱ्या अर्थाने गहन होते. मूळ रेकॉर्ड कोरणारी सुई त्रिज्येवरून सरळ आत सरकते. घरची भुजा एका खुंटीभोवती फिरत कमानीत जाते. त्यामुळे संपूर्ण बाजूभर सुई वाकडीच चालते. फक्त दोन बिंदूंवर ती सरळ असते. हे दोन बिंदू कोठे असावेत याचा निर्णय देणारे मुनित्रय आहे : 1938चे लॉफग्रेन, 1941चे बेअरवाल्ड आणि 1966चे स्टीव्हन्सन. लॉफग्रेन यांच्या पहिल्या मार्गाशी जुळणारे बेअरवाल्डमत केंद्रापासून 66.0 आणि 120.9 मिलिमीटर हे बिंदू मानते. स्टीव्हन्सनमत ते 60.3 आणि 117.4 वर आणते, म्हणजे बाजूच्या शेवटी, लेबलाजवळ, विकृती कमी व्हावी. पाश्चात्त्य सिंफनीचा कल्लोळ शेवटी येतो, हे त्यामागचे कारण.

भाष्यकारांनी हे मत हिंदुस्थानी संगीताला लावून पाहिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. ख्यालाच्या एलपीवर बाजूच्या शेवटाशी द्रुत किंवा तराणा येतो. अर्थात द्रुतवादी तुलकाने स्टीव्हन्सन आणि विलंबितवादी तुलकाने बेअरवाल्ड स्वीकारावा, हे उघड आहे. ज्या घरात दोन्ही नांदतात तेथे दोन भुजा लागतात. दोन भुजा लावता येतील अशी चक्रे बाजारात आहेत. त्यांच्या किमतीत चारचाकी येते, पण चारचाकीला मुनित्रय नाही.

बिंदूसाधनेचा विधी असा. रविवारी सकाळी, घरातले उठण्यापूर्वी, आरशाचा प्रोट्रॅक्टर थाळीवर ठेवावा. टॉर्च दातांत धरावा. सुई बिंदूवर अलगद उतरवून कार्ट्रिजची कड आरशातल्या रेघांशी समांतर आहे का ते एक डोळा मिटून पाहावे. नसल्यास दोन स्क्रू केसभर सैल करून कार्ट्रिज केसभर वळवावे. पहिला बिंदू जुळला की दुसरा सुटतो. दुसरा जुळवला की पहिला सुटतो. दोन्ही जुळले की स्क्रू घट्ट करावेत. स्क्रू घट्ट करताना दोन्ही सुटतात. या अवस्थेत कामवाली बाई ‘भैया, पोछा लगा दूँ?’ असे विचारते, ते उत्तर देण्याजोगे नसते. तोंडात टॉर्च असतो.

सूचीभाराविषयी थोडक्यात. ऑर्टोफोन 2एम रेडला 1.8 ग्रॅम, डेनॉन डीएल-103ला 2.5 ग्रॅम असे निर्मात्यांचे विधान आहे. याच्या विरोधात आपल्याकडे एक प्राचीन नाणकसंप्रदाय होता : रेकॉर्ड अडखळली की भुजेच्या डोक्यावर चार आण्याचे नाणे ठेवावे. स्टीलच्या चार आण्याचे वजन 2.83 ग्रॅम; म्हणजे रेडवरचा एकूण भार साडेचार ग्रॅमच्या वर जाई आणि खाच कायमची नांगरली जाई. 30 जून 2011 रोजी चार आणे चलनातून बाद झाले आणि हा संप्रदाय निर्नाणक झाला. रिझर्व्ह बँकेच्या कार्याचे या अंगाने मूल्यमापन व्हायला हवे.

सूचीचे मुख्य भेद दोन. चलचुंबक, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट : सुमारे 5 मिलिव्होल्ट देते, सुई झिजली की मालक स्वतः बदलू शकतो, म्हणून स्वाभिमानी पण निम्न मानली जाते. चलकुंडली, म्हणजे मूव्हिंग कॉइल : डीएल-103 जेमतेम 0.3 मिलिव्होल्ट देते, वेगळा प्रवर्धक मागते आणि सुई झिजली की बहुधा आख्खे कार्ट्रिज पाठवावे लागते, म्हणून श्रेष्ठ. डीएल-103 जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी 1960च्या दशकात घडली आणि आजही तिचे टोक साधे गोलच आहे. शिबाटा टोकाचे उपासक तिला अडाणी म्हणतात. चांदनी चौकातल्या जुन्या रेकॉर्डींवर मात्र हीच अडाणी सूची नीट चालते, असे आमचे निरीक्षण आहे. त्या खाचांत पूर्वसूरींनी काय काय घासले होते ते शिबाटाला तपशीलवार ऐकू येते. द्वारकेच्या मे महिन्यातली आंधी या प्रश्नात स्वतःची भर घालते. दारे-खिडक्या लावून, वर ओले फडके लावूनही ती थाळीवर येतेच. पेट्रोलपंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी आणि मऊ ब्रश एवढाच त्यावर अनुभवसिद्ध उतारा.

उरला आद्यत्वाचा प्रश्न : चक्र आधी, भुजा आधी, की सूची आधी? सूचिवाद्यांकडे एक प्रचंड प्रमाण आहे. गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 साली दोन्ही व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. ती सुवर्णतबकडी 16⅔ फेऱ्यांची आहे, आणि तिच्यासोबत नासाने कार्ट्रिज आणि सुई पाठवली. चक्र पाठवले नाही. भुजाही पाठवली नाही. यावरून सूचिवादी असा सिद्धान्त काढतात, की मानवजातीचे अधिकृत मत सूचीलाच आद्य मानते. आता दोन्ही याने सूर्याच्या वाऱ्यापलीकडे पोहोचली आहेत. तेथे आंधी नाही, जनरेटर नाही, वरच्या मजल्यावर ड्रिल चालवणारे कोणी नाही. श्रवणाला अशी अनुकूल जागा दुसरी नसेल.

तरी हा पूर्वपक्ष टिकत नाही. बहुतेक भुजा आपला सूचीभार गुरुत्वाकर्षणातून मिळवतात : मागचे वजन जरा पुढे घ्यायचे, की पुढचे टोक खाली. भारहीन अवस्थेत हा उपाय निष्फळ. सुई खाचेवर टेकणारच नाही, आणि केसरबाई अब्जावधी किलोमीटर नेऊन मुक्या राहतील. तेथे स्प्रिंगेने भार देणारी भुजाच हवी. तशी भुजा एसएमई या इंग्लिश कंपनीच्या पाचव्या मालिकेत उपलब्ध होती. सबब आद्यत्व भुजेचे, हा सिद्धान्त.

परग्रहवासी तुलकांसाठी एक व्यावहारिक सूचना जोडणे आवश्यक आहे. ससेक्समधल्या स्टेनिंगची ही एसएमई कंपनी 2016 साली पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने घेतली. गॅरार्ड हे नावही 2018 साली तिच्याच पदरी आले. 2019च्या अखेरीस कंपनीने सुट्या भुजांची विक्री बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हा भुजा हवी असल्यास चक्रही सोबतच घ्यावे लागेल, आणि घासाघीस करायची झाल्यास ती पुण्याशी करावी लागेल.