राखीव राउटरसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. राखीव राउटर,
सर्व्हर खोली, एक औद्योगिक गाळा,
मरोळ, अंधेरी (पूर्व)

विषय : निष्कलंक सेवेबद्दल जाहीर अभिनंदन

स. न. वि. वि.

रुजू झाल्यापासून माहितीच्या एकाही पॅकेटला हात न लावता हिरवा दिवा अखंड तेवत ठेवण्याची जी कामगिरी राखीव राउटरसाहेबांनी बजावली आहे, तिची दखल घेणे अगत्याचे आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीआरआरपी या मानकानुसार दोन राउटर एकच सामाईक आयपी पत्ता सांभाळतात आणि कचेरीतले संगणक त्या पत्त्यालाच गेटवे, म्हणजे बाहेर पडण्याचे दार, मानतात. मुख्य राउटर सामान्यतः दर सेकंदाला आपण जागे असल्याची दवंडी पिटतो आणि तीन-चार सेकंद ती कानी पडली नाही, की राखीव राउटर कारभार हाती घेतो. या सत्तांतरास फेलओव्हर म्हणतात.

मात्र ही दवंडी राउटर शाबूत असल्याची असते, पुढची लाइन शाबूत असल्याची नव्हे. त्यामुळे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तरी मुख्य राउटर इमानाने दवंडी पिटत राहतो आणि राखीव साहेबांची झोप मोडत नाही. लाइन पडताच मुख्य राउटरचा अग्रक्रम आपोआप घटवणारी ट्रॅकिंगची सोय उपलब्ध असूनही ती सुरू केली गेलेली नाही, हा साहेबांच्या विश्रांतीचा मानच होय.

दोन्ही राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नांदतात आणि दोन कंपन्यांच्या फायबर एकाच डक्टमधून वर चढतात, या सहजीवनाला थोर परंपरा आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन समुद्री केबल काही तासांच्या अंतराने निकामी झाल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले; केबल दोन होत्या, वाट मात्र जवळपास एकच होती.

साहेबांना कामाला लावण्याचा लोड बॅलन्सिंग, म्हणजे भारवाटपाचा, मार्गही आहे : दोन सामाईक पत्ते ठेवून अर्धे संगणक एकाकडे व अर्धे दुसऱ्याकडे वळवावेत, म्हणजे प्रत्येक राउटर एका गटाचा मुख्य आणि दुसऱ्याचा राखीव ठरतो. परंतु दोघांवर प्रत्येकी साठ टक्के भार असेल, तर एक पडताच दुसऱ्यावर एकशेवीस टक्के येऊन तोही मान टाकतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि उपनगरे अंधारात गेली, तेव्हाही वीजवाहिनीचे एक सर्किट देखभालीसाठी बंद होते आणि उरलेल्यांना भार पेलला नाही.

तरी एखाद्या शनिवारी दुपारी मुख्य राउटरचा प्लग मुद्दाम उपटला जाईल, तेव्हा साहेबांनी चार सेकंदांत पदभार स्वीकारावा, ही विनंती. ते न जमल्यास लेखापरीक्षकांना त्यांची नोंद 'फर्निचर' या सदरात करण्यास हरकत नसावी.

कळावे, लोभ असावा.

एक हितचिंतक