दहा मिनिटं बोलायचं नाही

हल्ली आमच्या घरात प्लगवरून भांडणं होतात ती मोबाइलसाठी नव्हेत, चेहऱ्यासाठी. बेडरूममधल्या एक्स्टेन्शन बोर्डावर रात्री काय काय डुलक्या घेत चार्ज होत असतं! चेहरा धुवायचा सिलिकॉनचा ब्रश, गालाला बारीक करंट देऊन तो वर उचलणारं दोन गोळ्यांचं यंत्र, वाफ सोडणारा डबा आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे लाल दिव्यांचा मुखवटा. मालकीण माझी धाकटी जाऊ, शुभा. बँकेत नोकरी, पंचेचाळिशी ओलांडलेली. तिला काही कॉलेजकन्या दिसायचं नाहीये. रिक्षावाल्याने ‘काकू’ म्हणू नये, एवढंच तिचं मागणं आहे. पुण्यात राहून हे मागणं जरा मोठंच आहे.

मुखवटा पांढरा, मऊ सिलिकॉनचा. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक फट. मागे वेल्क्रोचा पट्टा, तो हमखास केसांच्या क्लिपात अडकतो. गळ्यात साबणाच्या वडीएवढा रिमोट लोंबतो. बटण दाबलं की आतून शेकडो बारके दिवे लागतात आणि चेहऱ्याच्या कडांमधून लाल उजेड सांडायला लागतो. पहिल्या रात्री दिवे गेलेले असताना ती या अवतारात स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. आईंचं, म्हणजे आमच्या सासूबाईंचं बालपण मोखाड्याकडे गेलं, वडील तिथे शाळामास्तर होते. तिकडे बोहाड्यात देवादैत्यांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. आई जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘सोंग छान आहे गं. पण वाजंत्री कुठायत?’’

या लाल उजेडाला मी आधी थोतांडच समजत होते. पण त्याची वंशावळ बघितली तर घराणं बरं निघालं. प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करता येतो हे दाखवल्याबद्दल कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांना 1903 मध्ये नोबेल मिळालं होतं. पुढे साठच्या दशकात बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर उंदरांवर लाल लेसरचे प्रयोग करत होते. त्यासाठी त्यांनी उंदरांची पाठ भादरली होती. लेसर पडलेल्या जागी केस भराभर उगवले. सुरकुत्यांच्या बाजाराचं मूळ असं एका भादरलेल्या उंदराच्या पाठीवर आहे. घराण्यात काळी मेंढरंही आहेतच. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये ‘थो-राडिया’ नावाचं क्रीम विकलं जायचं, त्यात थोरियम आणि रेडियम असायचं आणि डबीवर कुणा डॉ. आल्फ्रेड क्यूरींचं नाव. त्यांचा मेरी क्यूरींशी काडीचा संबंध नव्हता. पण गिऱ्हाइकाने डबीवर वंशवेल कधी मागितली आहे?

शुभाचा मुखवटा निदान किरणोत्सर्गी तरी नाही. साधारण 630 नॅनोमीटरचा लाल उजेड त्वचेत थोडा आत शिरतो, पेशींना जरा कामाला लावतो, नेमाने महिनोन्‌महिने घेतला तर बारीक रेषा थोड्या सौम्य होतात. ‘थोड्या’ हा शब्द खोक्यावर छापत नाहीत. करंटच्या यंत्राने गाल वर जातात म्हणे, पण ते खाली यायला विसरत नाहीत; लग्नाला जायच्या आधी तासभर वापरावं असं ते यंत्र आहे. सुयांचा रोलर मात्र मी तिला घरात आणू दिला नाही. सुया बोथट होतात, जंतू आत जातात, ते काम डॉक्टरांनी करावं. थोरल्या जावेचे काही अधिकार अजून शाबूत आहेत.

खरं म्हातारपण कशाने येतं, ते मला आईंच्या दंडावर दिसलं. रक्तदाब मोजायला त्यांच्या पोलक्याची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी सुरकुतलेली, ठिपक्याठिपक्यांची, चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. आणि बाहीच्या आत, चार बोटं वर, दंड गोरा, नितळ, मऊ. बाई तीच, वय तेच, ऐंशी पार. साबणही तोच, आणि दिवाळीतलं नागरमोथा-कपूरकाचरीचं उटणंही दोन्हीकडे सारखंच लागलेलं. फरक फक्त पोलक्याच्या बाहीचा. बाहीपर्यंत ऊन पोहोचलं, बाहीच्या आत पोहोचलं नाही. मी पट्टा बांधायचं विसरून दंडच बघत बसले, तेव्हा आई म्हणाल्या, ‘‘प्रेशर नुसतं बघून मोजतात का गं आता?’’

याचा आणखी ठसठशीत पुरावा 2012 मध्ये एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. एका ट्रकचालकाचा फोटो. माणूस 69 वर्षांचा, 28 वर्षं ट्रक चालवलेला. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीचं ऊन डाव्या गालावर. उजवा गाल साठीचा, डावा थेट नव्वदीचा, दोन भावांचे अर्धे अर्धे चेहरे जोडल्यागत. खिडकीच्या काचेतून पोळणारे किरण बरेचसे अडतात, पण त्वचा म्हातारी करणारे आरपार येतात. चटका बसत नाही म्हणून माणूस निर्धास्त. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या एस.टी. चालकांचा उजवा गाल तपासायला हवा, असं मी मनाशी ठरवलं. पण एस.टी.त डावीकडून चढायचं असतं. चालकाचा डावाच गाल दिसतो, आणि उजवा बघायला वाकलं की मागचे ढकलतात. संशोधन तिथेच अडलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात ते अडलं नाही. तिथे लोकांचे दोन गट केले; एकाला सनस्क्रीन रोज लावायला सांगितलं, दुसऱ्याला मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीचे ठसे घेऊन तपासले, तर रोजवाल्यांच्या त्वचेवर वय 24 टक्क्यांनी कमी उमटलेलं. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला त्यातलं आवडलं ते हाताच्या पाठीचं प्रकरण. चेहऱ्याचं सोंग आणता येतं. हात भांडी घासतात, ओटा पुसतात, उन्हात भाजीची पिशवी धरतात. हळदीकुंकवाला मी हल्ली चेहरे बघतच नाही, वाण घ्यायला पुढे आलेले हात बघते. वय तिथे लिहिलेलं असतं, आणि बांगड्या त्याखाली रेघ मारतात.

म्हणून मला पुण्याच्या पोरींचं कौतुक वाटतं. स्कूटरवर बसायच्या आधी दोन गिरक्यांत जो स्कार्फ त्या डोक्याला, कपाळाला, नाकाला गुंडाळतात आणि मानेमागे गाठ मारतात, त्याची बाहेरगावच्या लोकांनी किती टिंगल केली! डाकू म्हणाले, ममी म्हणाले, बापाला पोरगी ओळखू येत नाही म्हणाले. हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात सनकोट. हेतू धुळीचा असेल, धुराचा असेल, कधीकधी मागे बसलेला मुलगा कोण हे कळू नये असाही असेल. पण तुळशीबागेत घासाघीस करून घेतलेला तो घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ जे काम करतो, ते बोर्डावरची यंत्रं मिळून करत नाहीत. चार्जिंगही लागत नाही. फक्त त्याची जाहिरात कोण करणार? शंभर-दीडशे रुपयांच्या फडक्यासाठी नटी कुठून आणायची?

सनस्क्रीनचंही तसंच. डॉक्टर सांगतात, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून घ्या. आपल्याकडच्या बायका गंधाएवढं घेतात आणि स्वर्ग दोन बोटं उरल्यासारख्या बाहेर पडतात. दोन बोटं खरोखरच घेतली तर पन्नास ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात चेपते, आणि मग नवरे विचारतात, ‘‘एवढं कुठे जातं?’’ दर दोन तासांनी परत लावा, हे तर अजून कुणी कुणाला मोठ्याने सांगितलेलंही नाही.

हे सगळं मी शुभाला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशीपासून सनस्क्रीन दोन बोटं घ्यायला लागली आणि रात्री मुखवटा होताच तसा चढवला. ‘‘वहिनी, हा लावला की दहा मिनिटं बोलायचं नसतं,’’ म्हणाली. तेवढ्या वेळात भाऊजींनी हाक मारली, मुलाने डबा विचारला, बिल्डिंगच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून युद्ध पेटलं. ती लाल उजेडात आडवी, हूं नाही की चूं नाही. मुलाने डबा स्वतः शोधला. भाऊजींना कपाट कुठे उघडतं हे कळलं. त्यानंतर तिचा चेहरा खरोखर उजळलेला दिसतो, आणि त्याचं श्रेय नॅनोमीटरला द्यायला मी तयार नाही. त्या यंत्राचं माहितीपत्रक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आहे, तीन भाषांत. बोलू नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आता मात्र मुखवट्याला वाटेकरी आला आहे. लाल उजेडाने सांधे शेकतात असं आईंनी कुठेसं ऐकलं, आणि मागच्या आठवड्यात त्यांनी तो मागून घेतला. वेल्क्रोचा पट्टा गुडघ्याला अगदी मापाने शिवल्यासारखा बसतो. डोळ्याच्या भोकातून वाटी डोकावते. बरं वाटतं म्हणतात. त्यांनीही विचारलं, बोलायचं नाही का गं? शुभा म्हणाली, गुडघ्याला लावल्यावर बोलायला हरकत नसते. तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटं आई मोखाड्याच्या गोष्टी सांगतात, आणि शुभाला मुखवट्याशिवाय ऐकत बसावं लागतं.